परवान्यावर राहणाऱ्याने राजकारणावर बोलावे का?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्रलेखिका मूळच्या नाशिकच्या असून पतीच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी इटलीत तोरिनोला, म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो तिथे, राहायला आल्या. पती ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या युरोपीय परवान्यावर आहेत, त्या स्वतः कुटुंबासाठीच्या निवास परवान्यावर आहेत आणि मुलगी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जाते. नाशिकला असताना हरिहर, रतनगड, कळसूबाई हे त्यांचे नेहमीचे ट्रेक होते, म्हणून तोरिनोतही त्या एका गिर्यारोहण मंडळाच्या रविवारच्या सहलींना जाऊ लागल्या. चालताना सारे छान असते. मात्र जेवणाच्या टेबलावर राजकारण निघते, आवाज चढतात आणि कोणीतरी त्यांच्याकडे वळून ‘तुला काय वाटते?’ असे विचारते. नागरिकत्वाच्या सार्वमताविषयी असेच विचारले गेले तेव्हा त्यांना काहीच सुचले नाही. त्यावर एक बाई म्हणाल्या, ‘ज्यांच्यासाठी आम्ही भांडतो त्यांनाच काही पडलेले नाही.’ ते बोलणे त्यांना लागले आहे. पतींचे मत असे, की आपण इथे पाहुणे आहोत, मत द्यायचा हक्क नाही, परवाना दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. तेव्हा डोंगर बघावा, घरी यावे, आणि ते जमत नसेल तर मंडळ सोडावे. ‘मंडळ सोडू, बोलायला शिकू, की जो देश आपला नाही त्याच्या राजकारणात मनच गुंतवू नये?’ असा त्यांचा प्रश्न आहे. जाता जाता त्यांनी असेही लिहिले आहे, की मुलीने परवा विचारले, ‘आपण इटालियन कधी होणार?’

सप्रेम नमस्कार.

मंडळ सोडू नका, हे आधी सांगून टाकते. बाकीचे उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या पत्रात प्रश्न तीन असले तरी न विचारता गृहीत धरलेल्या गोष्टी त्याहून जास्त आहेत आणि माझ्या मते खरी अडचण त्यांतच आहे.

सुरुवात त्या बाईंच्या बोलण्यापासून करू. परक्या भाषेत, पाच-सहा माणसे एकाच वेळी बोलत असताना, ज्या विषयाशी आपल्या घराचे भवितव्य जोडलेले आहे त्यावर उभ्या उभ्या मत देणे कोणालाही जड गेले असते. त्यांचा राग मुळात तुमच्यावर असावा असेही मला वाटत नाही. ८ आणि ९ जून २०२५ रोजी इटलीत पाच प्रश्नांवर सार्वमत झाले. चार प्रश्न कामगार कायद्यांविषयी होते आणि पाचवा नागरिकत्वाविषयी: युरोपीय संघाबाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्वाचा अर्ज करण्यासाठी दहा वर्षांचा कायदेशीर निवास लागतो, तो पाच वर्षांवर आणावा का? अशा सार्वमताला निम्म्याहून अधिक मतदार आले तरच त्याचा निकाल ग्राह्य धरला जातो. प्रत्यक्षात आले जेमतेम तीस टक्के. सत्तेतल्या पक्षांनी मतदानापासून दूर राहण्यावर भर दिला होता आणि पंतप्रधान जॉर्जा मेलोनी मतदान केंद्रावर जाऊन मतपत्रिका न घेताच परतल्या होत्या. याहून बोलकी गोष्ट अशी, की जे मतदानाला आले त्यांनी कामगारांच्या प्रश्नांवर भरभरून ‘हो’ म्हटले, पण नागरिकत्वाच्या प्रश्नावर त्यांच्यातल्याच सुमारे एकतृतीयांश मतदारांनी ‘नाही’ म्हटले. म्हणजे त्या बाई ज्या लढाईत उतरल्या होत्या ती त्या विरोधकांमुळे जितकी हरल्या तितकीच स्वतःच्या माणसांमुळे. त्यांचा तो सल समोर बसलेल्या तुमच्यावर निघाला. हे अन्यायाचे होते, पण त्याचा अर्थ तुम्हाला नको आहात असे सांगितले गेले, असा होत नाही. पुढच्या सहलीत चालताना त्यांना गाठा आणि सांगा, की त्या दिवशी मला शब्द सुचले नाहीत, विषय माझ्या फार जवळचा होता. वाटेवर दोघीच असताना हे बोलणे टेबलावर बोलण्यापेक्षा शंभर पटींनी सोपे जाते आणि एवढे बोलले तरी तो विषय मिटेल.

आता ‘पाहुणे’ या कल्पनेकडे येऊ, कारण तुमच्या पतींचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पाहुणा घरभाडे भरत नाही, त्याच्या पगारातून कर कापला जात नाही, त्याचे मूल यजमानाच्या शाळेत वाढत नाही आणि त्याला घरच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागत नाही. तुम्ही हे सगळे करता. इटलीचा कायदाही तुम्हाला पाहुणा मानत नाही. १ जानेवारी १९४८ पासून लागू असलेल्या राज्यघटनेचे २१ वे कलम आपले विचार मोकळेपणाने मांडण्याचा हक्क देते आणि तो ‘सर्वांना’ देते, केवळ नागरिकांना नाही. १९९८ च्या स्थलांतरविषयक कायद्याच्या दुसऱ्याच कलमात असे म्हटले आहे, की कायदेशीर वास्तव्य असलेला परदेशी माणूस स्थानिक सार्वजनिक जीवनात सहभागी होतो. तेव्हा टेबलावर मत मांडण्याने तुमचा परवाना धोक्यात येत नाही. कोणाशी वाद झाला म्हणून क्वेस्तुरा, म्हणजे परवाने देणारे पोलीस मुख्यालय, नूतनीकरण अडवत नाही. तिथे ते पाहतात उत्पन्न, घर, कागदपत्रे आणि गुन्ह्यांची नोंद.

मात्र तुमच्या पतींची भीती पूर्णपणे निराधार आहे असे म्हणून मी त्यांना गप्प करणार नाही, कारण एका ठिकाणी ती रास्त आहे. एप्रिल २०२५ मध्ये वटहुकुमाने आलेल्या आणि जूनमध्ये पक्क्या झालेल्या सुरक्षा कायद्याने रस्ता किंवा रेल्वेमार्ग अंगाने अडवून धरणे हा फौजदारी गुन्हा ठरवला आहे आणि तो अनेकांनी मिळून केला तर सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा होऊ शकते. तुमच्या शहरालगतच्या सूझा खोऱ्यात तोरिनो ते लियों रेल्वेमार्गासाठी साडेसत्तावन्न किलोमीटरचा बोगदा होत आहे आणि त्याला १९९० च्या दशकापासून विरोध चालू आहे. तिथल्या निदर्शनाला कोणी ‘चल, नुसते बघायला’ म्हणून बोलावले, तर परवानगी असलेल्या मोर्च्यात चालणे आणि रस्त्यावर बसकण मारणे यांतला फरक इटालियन माणसाला परवडतो तितका सैल तुम्हाला परवडत नाही. त्यांना दंड झाला तर दंडावर भागेल. तुमच्या बाबतीत ती नोंद पुढच्या नूतनीकरणाच्या फाइलीत येऊन बसेल. तीच गोष्ट समाजमाध्यमांची. बदनामी हा इटलीत आजही फौजदारी गुन्हा आहे, तेव्हा कोणाचे नाव घेऊन आरोप करणारे लिखाण टाळावे. या दोन-तीन बाबी पाळल्या म्हणजे पतींच्या काळजीला उत्तर मिळते. त्यासाठी आयुष्यभर तोंड मिटून बसायची गरज उरत नाही.

आणि भीतीचाच विचार करायचा तर आपल्याच देशातल्या, आपल्याहून कितीतरी अधिक भीती बाळगायला कारण असलेल्या माणसांकडेही पाहावे. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात हजारो पंजाबी शेतमजूर भाजीपाल्याच्या मळ्यांत राबतात, पुष्कळांकडे धड करारही नसतो. २०१६ साली त्यांनी कामगार संघटनेच्या साथीने लातिनात मोठा संप केला. जून २०२४ मध्ये तिथल्याच एका शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला, त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घराजवळ टाकून देण्यात आले आणि तो मरण पावला. त्यानंतर ही माणसे पुन्हा लातिनाच्या रस्त्यावर आली. आपण ‘नोकरीवाले’, ते ‘मजूर’, आपला आणि त्यांचा काय संबंध, अशी एक अदृश्य भिंत आपल्या मराठी मंडळींच्या बैठकांत फार लवकर उभी राहते. तुमच्या पत्रात ती नाही, याचे मला बरे वाटले. पण मंडळातले लोक बातम्या वाचतात, भारतीय म्हटल्यावर त्याविषयी तुम्हाला विचारतील, तेव्हा विषय माहीत असू द्या.

तुम्ही लिहिता, ‘आम्हाला मत नाही.’ पालिका, प्रांत आणि संसद यांपुरते हे खरे आहे. तरीही तुमच्या घरात आज निदान तीन मते आहेत आणि ती बहुधा वाया जात आहेत. पहिले मत शाळेत. दरवर्षी ऑक्टोबर संपण्यापूर्वी प्रत्येक वर्गाच्या पालकांतून प्रतिनिधी निवडला जातो. १९७४ च्या सुधारणांपासून ही पद्धत आहे आणि तिथे मतदार म्हणजे पालक. पासपोर्ट कोणत्या रंगाचा हे कोणी विचारत नाही. आई आणि वडील दोघांनाही मत असते आणि उभेही राहता येते. मुलीच्या दप्तरातून त्याची सूचना घरी आली असेल, पण इटालियन भाषेतल्या इतर चार कागदांबरोबर ती फ्रिजवर लागून राहिली असेल. पुढच्या वेळी जा. त्या बैठकीत डब्यातल्या जेवणापासून जिमच्या गळक्या छपरापर्यंत सगळे निघते आणि पालिका, प्रांत, केंद्र यांपैकी कोण कशाला जबाबदार आहे हे तिथे जितके लवकर कळते तितके कोणत्याही वर्तमानपत्रातून कळत नाही. बहुतेक ठिकाणी प्रतिनिधी व्हायला कोणी तयार नसते. भाषा जरा बसली, की तुम्हीच नाव द्या.

दुसरे मत तुमच्या पतींचे, त्यांच्या कंपनीत. कामगारांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी तिथे निवडणुका होत असतील तर त्यात परदेशी कर्मचाऱ्यांनाही मत असते. आपले इंजिनिअर ‘ते युनियनवाल्यांचे काम’ म्हणून तिकडे फिरकत नाहीत, ही गोष्ट वेगळी. परवान्याचे अर्ज भरून देणाऱ्या, कराची विवरणपत्रे करून देणाऱ्या कचेऱ्या बहुतेक याच संघटनांच्या असतात आणि तिथे आपण सगळे रांगेत उभे असतो, तेव्हा इतके सोवळे पाळण्यात काही अर्थ नाही.

तिसरे मत तुमच्या इमारतीत आहे आणि ते तोरिनोसारख्या थंड शहरात क्षुल्लक मुळीच नाही. तुम्ही भाड्याने राहता. इमारतीच्या सभेत एरवी घरमालकाला मत असते, पण १९७८ च्या भाडेकरार कायद्यानुसार तापवण्याच्या यंत्रणेचा खर्च आणि कारभार यांवरच्या ठरावात मालकाऐवजी भाडेकरू मत देतो. बॉयलर कोणत्या वेळेला लावायचा, यावर जानेवारीत होणारी भांडणे ज्याने ऐकली आहेत त्याला इटालियन संसदेतली भांडणे वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. राजकारणाची ओळख तिथून करून घ्यावी असे मी गांभीर्याने सुचवते. तिथे तुमच्या गरम खोलीचा प्रश्न असतो, त्यामुळे ‘मला काय अधिकार?’ हा संकोच आपोआप गळतो आणि एकदा तो तिथे गळला, की डोंगरातल्या टेबलावर तुम्ही वेगळ्या बसाल.

त्या टेबलाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या माणसाला ते पहिल्यांदा घाबरवते. रिफूजिओत, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यात, बूट दाराशी काढून ठेवलेले असतात, सगळे जण तिथल्या जाड सपाता घालून लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसतात, मध्ये पोलेंताची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीची, परात वाफाळत येते, त्यावर चीज वितळत असते, आणि पहिला चमचा पोटात जातो न जातो तोच कोणीतरी सरकारवर घसरते. समोरचा हाताची पाची बोटे जुळवून हवेत हलवतो, तिसरा दोघांचेही बोलणे मध्येच तोडतो, आणि नवख्या माणसाला वाटते की आता हे उठून निघून जाणार. अर्ध्या तासाने तेच दोघे गेनेपीच्या, म्हणजे डोंगरी औषधी वनस्पतीच्या मद्याच्या, छोट्या पेल्यांवरून उद्याच्या वाटेविषयी बोलताना दिसतात. आवाज हा इथे वैराचा पुरावा नाही. आपल्या गावाकडच्या पारावरची सकाळची बैठक आठवा. तिथेही बोलणे तोडल्याचा कोणी राग धरत नाही, गप्प बसणाऱ्याकडे मात्र सगळे वळून वळून पाहतात. तुम्हाला विचारले जाणारे ‘तुला काय वाटते?’ हे पुष्कळदा परीक्षा घेण्यासाठी नसते. तुम्ही संभाषणाबाहेर राहू नये, एवढाच त्यामागे हेतू असतो.

त्याला उत्तर म्हणून मत द्यायलाच हवे असेही नाही. पहिल्या वर्षभरात मतापेक्षा प्रश्न जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे, आणि तोरिनोत विचारण्याजोगा सर्वांत चांगला प्रश्न म्हणजे ‘तुमच्या घरचे लोक इथे कुठून आले?’ तुम्ही ज्यांना मूळचे तोरिनोचे समजता त्यांतले कितीतरी जण पुलिया, कालाब्रिया, सिसिली इथून आलेल्यांची मुले-नातवंडे असतात. १९५१ साली या शहराची वस्ती सुमारे ७ लाख २० हजार होती, १९७१ साली ती ११ लाख ६० हजारांच्या पुढे गेली. मोटारींच्या कारखान्यांनी दक्षिणेतली गावेच्या गावे ओढून आणली. त्या काळी घरांवर ‘दक्षिणेकडच्यांना भाड्याने देणार नाही’ अशा पाट्या लागत. ज्या आजोबांनी त्या पाट्या वाचल्या, त्यांच्या नातवाला तुमची भाड्याच्या घराची कथा सांगून पाहा. काही जण विरघळतील, आणि काही जण उलट म्हणतील की आम्ही सोसले तसे यांनीही सोसावे. दोन्ही ऐकून घ्या. सार्वमतात ‘नाही’ म्हणणारे ते एकतृतीयांश कोण असावेत, याचा थोडा अंदाज तुम्हाला तिथे बसल्या बसल्या येईल.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. ‘आमच्याकडे असे असते’ हे वाक्य दर पाच मिनिटांनी काढू नये, मग ते कौतुकाचे असो की तक्रारीचे. आणि भारताच्या राजकारणावर कोणी छेडले तर देशाचे वकील किंवा फिर्यादी म्हणून उभे राहू नये. ‘हे मला असे दिसते, माझ्या भावाला अगदी उलटे दिसते’ असे सांगितले तर चालते. उलट, असे सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

डोंगर वेगळा आणि राजकारण वेगळे, ही तुमच्या पतींची वाटणी तर पिएमोंतेत, म्हणजे तोरिनो ज्या प्रांतात आहे तिथे, टिकतच नाही. तुम्ही ज्या वाटांनी चालता त्यांतल्या अनेक वाटा १९४३ ते ४५ या काळात फॅसिस्ट आणि जर्मन सैन्याविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझनांच्या होत्या आणि त्यांची स्मारके खिंडीखिंडींत आहेत. क्लुब आल्पीनो इतालियानो ही देशव्यापी गिर्यारोहण संघटनासुद्धा इटलीचे एकीकरण ताजे असताना, १८६३ साली, तोरिनोतच स्थापन झाली आणि तिच्यामागे असलेले क्विंतिनो सेल्ला हे पुढाऱ्यांपैकीच, देशाचे अर्थमंत्री राहिलेले गृहस्थ होते. २५ एप्रिल हा मुक्तिदिन जवळ आला, की हा दिवस कसा पाळावा यावरही तुमच्या टेबलावर वाद होईल. तिथे तुमच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे. त्या युद्धात इटलीत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळीबारातून आणि सुरुंगांतून दोन जखमी साथीदारांना बाहेर काढले आणि नंतर शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या एकट्याने मोडल्या. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. हे इटालियन लोकांना सहसा ठाऊक नसते. सांगताना शौर्याची पाटी गळ्यात अडकवू नका, कारण ती मुले ब्रिटिशांच्या फौजेत होती आणि त्यांचा स्वतःचा देश तेव्हा स्वतंत्र नव्हता. हा पेच तसाच टेबलावर ठेवा. त्यावर होणारी चर्चा चांगली असेल.

आता थोडे डोंगराविषयीच, कारण पत्रात तुम्ही ‘सह्याद्रीत चालल्यामुळे तयारीची काळजी नाही’ असे लिहून गेला आहात आणि ती ओळ मला त्या बाईंच्या टोमण्यापेक्षा जास्त खटकली. हरिहरच्या पायऱ्या चढणारीला तोल आणि धीर यांचे धडे नकोत, हे मान्य. पण सह्याद्रीतले आपले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचे आहे आणि इथे त्या उंचीला वाट सुरू होते. अडीच हजार मीटरच्या वर उत्तरेकडच्या उतारांवर जूनमध्येही कडक बर्फ असतो. सकाळी निळे असलेले आकाश उन्हाळ्यात दुपारी गडगडू लागते, म्हणून दुपार चढायच्या आत कड्यावरून खाली येण्याच्या बेताने निघावे लागते. पाट्यांवर लिहिलेले तास हे न थांबता चालण्याचे असतात. वाटांच्या श्रेणी लक्षात ठेवा: टी म्हणजे पर्यटकांसाठी, ई म्हणजे सरावलेल्यांसाठी, ईई म्हणजे अनुभवींसाठी, आणि त्यापुढे ए लागला तर दोर-साखळ्या आणि त्यासाठीची साधने लागतात. पहिले वर्षभर ईपर्यंतच राहा. हिवाळ्यात बर्फाच्या चपला बांधून जायचा बेत असेल तर जिथे हिमलोटाचा धोका असतो तिथे बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारे शोधयंत्र, फावडे आणि शोधकाठी जवळ बाळगणे जानेवारी २०२२ पासून कायद्याने सक्तीचे आहे. आणि ती वापरायची कशी, हे मंडळात शिकून घेतल्याशिवाय नुसती पाठीवर वाहण्यात काही अर्थ नाही. मदतीसाठी ११२. हेलिकॉप्टर दिसले तर मदत हवी असल्यास दोन्ही हात वर करून उभे राहायचे. एक वर आणि एक खाली म्हणजे मदत नको. पिएमोंतेसह काही प्रांतांत विनाकारण बोलावलेल्या बचावपथकाचे पैसे भरावे लागतात. क्लुब आल्पीनोच्या वार्षिक सदस्यत्वात बचावकार्याचा विमा येतो, अगदी स्वतःच्या सहलीतसुद्धा, तेव्हा अजून नुसत्या पाहुण्या म्हणून जात असाल तर सदस्य होऊन टाका. हे सगळे पतींना वाचून दाखवा. अनोळखी माणसांबरोबर बायको डोंगरात जाते, ही त्यांची काळजी त्यांनी राजकारणाच्या नावाखाली मांडली असण्याचा मला संशय आहे, आणि त्या काळजीला विमा, श्रेणी आणि सहलीचा जबाबदार नेता ही उत्तरे लागू पडतात.

त्याहून बरे म्हणजे त्यांना आणि मुलीला एकदा घेऊन जा. सूझा आणि लांझो खोऱ्यांच्या मधली कोल्ले देल लीस ही खिंड १,३११ मीटरवर आहे, मोटार वरपर्यंत जाते, आजूबाजूला मुलांना जमतील अशा वाटा आहेत आणि वर त्या खोऱ्यांत मारल्या गेलेल्या पार्टिझनांचा मनोरा आहे. मंडळातल्या एखाद्या कुटुंबाला बरोबर घ्या. जेवणाचा डबा घरचा न्या; पराठे-लोणच्याच्या वासाने जमणारी ओळख टेबलावरच्या चर्चेपेक्षा लवकर पक्की होते आणि तुमच्या पतींनाही ‘ते लोक’ नावानिशी माहीत होतील.

भाषेचे म्हणाल तर राजकारणाची इटालियन भाषा वर्गातल्या इटालियनहून फार वेगाने धावते. प्रौढांसाठीच्या सरकारी शिक्षणकेंद्रांत वर्ग असतातच, ते चालू ठेवा. त्याच्या जोडीला तुमच्या विभागाच्या परिषदेची एखादी सभा बघा. तोरिनोचे आठ विभाग आहेत, प्रत्येकाची निवडून आलेली परिषद आहे आणि सभा लोकांना खुल्या असतात. बाग, ट्राम, कचरा हे विषय समजायला सोपे, शब्द रोजचे, आणि बोलणारेही काही मुद्दे तीन-तीनदा सांगतात, ज्याचा एरवी कंटाळा येतो पण शिकणाऱ्याला फायदाच होतो.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला खरे ते सांगा, की अजून बरीच वर्षे आहेत आणि तेव्हा आपण तिघे मिळून ठरवू. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, म्हणून इटालियन होणे म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करणे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येणे-जाणे सुकर होते, मतदान मात्र जाते. हा निर्णय आज घ्यायचा नाही आणि टेबलावर कोणी विचारले म्हणून तर नाहीच. आज फक्त तो निर्णय पुढे घेता येईल एवढी व्यवस्था करून ठेवायची. दहा वर्षे मोजली जातात ती पालिकेच्या निवासनोंदीवरून, आणि त्यांत खंड पडलेला चालत नाही. घर बदलले तर २० दिवसांच्या आत पालिकेत कळवा. निवास परवाना नवा झाला, की ६० दिवसांच्या आत तिथेच जाऊन आपण याच पत्त्यावर राहतो हे पुन्हा लिहून द्यावे लागते, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नसते. ते न दिल्याने नाव नोंदवहीतून उडाले आणि वर्षांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत. परवाना क्वेस्तुराचा आणि निवासनोंद पालिकेची, दोन्हींच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. तुमच्या पतींना काळजी करायचीच असेल तर त्यांच्याकडे हे काम सोपवा.